कचेरीतही नंगारा वाजू द्या

पुणे, मुंबई आणि बंगळूरच्या कंपन्यांत गेल्या काही वर्षांत एक उपक्रम चांगलाच रुळला आहे. वर्षातून एकदा सगळा विभाग एखाद्या हॉटेलच्या सभागृहात जमतो. खुर्च्या गोलात मांडलेल्या असतात आणि प्रत्येक खुर्चीपुढे एक तालवाद्य ठेवलेलं असतं. कधी पश्चिम आफ्रिकेतला जेंबे, तर कधी ब्राझीलच्या सांबातले सुर्दो आणि तांबोरीम. मधोमध उभा असलेला प्रशिक्षक हाताने खुणा करतो, शिट्टी फुंकतो, आणि शाळेतल्या लेझमीनंतर ज्यांनी कधी ताल धरलेला नाही अशी माणसं तासाभरात एका ठेक्यावर येतात. हिशेब विभाग, विक्री विभाग, सगळ्यांत वरचे साहेब आणि कालपरवा रुजू झालेली मुलगी, सगळ्यांना एकच मोजणी धरावी लागते. हिशेबात हा खर्च 'टीम बिल्डिंग' या नावाखाली पडतो.

हे थोतांड आहे असं म्हणायची घाई करू नये. एकत्र ताल धरल्याने माणसं एकमेकांच्या जवळ येतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही भजनी मंडळाला माहीत आहे आणि आता प्रयोगशाळेतही ते पुष्कळदा दिसून आलं आहे. आक्षेप घ्यायचाच तर एवढाच, की वर्षातल्या एका तासाने फारसं काही साधत नाही आणि ज्यांच्या हातात हा ठेका पिढ्यान्‌पिढ्या आहे ती माणसं त्या गोलात कुठेच नसतात. म्हणून वाशिम जिल्ह्यापुरती एक सूचना मांडावीशी वाटते. इथल्या जिल्हा परिषदेने, पंचायत समित्यांनी, बँकांनी आणि शाळांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तालाचे वर्ग सुरू करावेत. ते नंगाऱ्यावर, थाळीवर आणि डफावर घ्यावेत. तांड्यावरच्या वादकाला गुरू म्हणून बोलवावं आणि गुरूचं मानधन द्यावं.

सांबाकडून शिकण्यासारखं मात्र पुष्कळ आहे, आणि ते हॉटेलच्या सभागृहात दिसतं त्याहून फार वेगळं आहे.

ब्राझीलने गुलामगिरी १८८८ साली संपवली, अमेरिका खंडांतल्या सगळ्या देशांच्या शेवटी. मुक्त झालेली हजारो कृष्णवर्णीय माणसं बाहिया प्रांतातून रिओ दि जानेरोला आली आणि बंदराजवळच्या वस्त्यांत, टेकड्यांवर राहू लागली. त्यांच्या अंगणांत, त्यांच्या पूजाविधींच्या आसपास सांबा वाढला. दोनच वर्षांनी, १८९०मध्ये, तिथल्या दंडसंहितेत 'भटकेगिरी' हा गुन्हा झाला आणि कापोएरा हा आफ्रिकी वळणाचा युद्धखेळही गुन्ह्यांच्या यादीत गेला. हातात वाद्य घेऊन फिरणारा काळा माणूस पोलिसांच्या नजरेत संशयित ठरे. जुआंव दा बायाना या वादकाची खंजिरी पोलिसांनी हिसकावून घेतली, तेव्हा एका सिनेटरने त्याला आपलं नाव कोरलेली नवी खंजिरी भेट दिली आणि त्या नावाच्या धाकाने पुढे ती कुणी काढून घेतली नाही, ही हकिकत रिओत आजही सांगितली जाते.

१९२८ साली एस्तासियू या वस्तीतल्या तरुणांनी 'देइशा फलार' नावाचा गट काढला. सांबाची पहिली शाळा म्हणून इतिहासात त्याचीच नोंद होते. याच गटातल्या बिदे नावाच्या वादकाने लोण्याच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यावर चामडं ताणलं आणि सुर्दो हा खर्जातला ढोल जन्माला आला, असं मानलं जातं. कार्निव्हलच्या मिरवणुकीत चालताना शेकडो पायांना एकच ठोका ऐकू यावा, ही त्यामागची गरज होती. १९३२ साली या शाळांची पहिली स्पर्धा भरली ती 'मुंदो स्पोर्तीव्हो' या क्रीडापत्राच्या पुढाकाराने, हे वृत्तपत्राच्या वाचकांना सांगायलाच हवं. पुढे १९८४मध्ये ऑस्कर निमायर या वास्तुविशारदाने आखलेला सांबाद्रोम उभा राहिला. ज्यांच्या खंजिऱ्या जप्त होत होत्या त्यांच्या नातवंडांसाठी सरकारने खास रस्ता बांधला!

या शाळांच्या वाद्यवृंदाला बातेरिया म्हणतात. मोठ्या शाळांच्या बातेरियात दोनशेहून अधिक वादक असतात आणि त्यांतले बहुतेक पोटासाठी दुसरंच काही करतात. गवंडी, ड्रायव्हर, धुणीभांडी करणाऱ्या बाया, कारकून, विद्यार्थी. कार्निव्हलच्या कित्येक महिने आधीपासून ते वस्तीतल्या आवारात सरावाला जमतात. म्हणजे सांबाची शाळा हाच मुळात वेगवेगळ्या कामांतून आलेल्या माणसांचा एक संघ आहे, आणि तो वर्षभर टिकवावा लागतो.

त्याची रचना कामाच्या ठिकाणाशी ताडून पाहण्यासारखी आहे. सगळ्यांत मोठा सुर्दो दर फेरीत दुसऱ्या मात्रेवर एकच जड ठोका देतो. त्याहून किंचित चढ्या आवाजाचा दुसरा सुर्दो पहिल्या मात्रेवर त्याला जाब देतो. तिसरा या दोघांच्या मधल्या जागा भरतो. त्यावर काइशा नावाचे ताशासारखे ढोल अखंड चालतात, हाताएवढी तांबोरीम वरून नक्षी काढतात, आणि रेपिनीक नावाचा तिखट आवाजाचा ढोल हाक घालतो की सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं. समोर मेस्त्रे, म्हणजे वृंदाचा प्रमुख, शिट्टी आणि हाताच्या खुणांनी सगळं चालवतो. १९५९ साली मोसिदादे शाळेचे मेस्त्रे आंद्रे यांनी चालू मिरवणुकीत अख्खा वृंद क्षणभर थांबवून पुन्हा अचूक उचलण्याची पद्धत आणली, असं मानतात. दोनशे माणसांनी एकाच क्षणी थांबायचं आणि एकाच क्षणी परत यायचं. गाणारे मधे गातच असतात.

या सगळ्यांत अवघड काम कोणाचं, असं विचारलं तर नवखा माणूस रेपिनीककडे बोट दाखवतो. जाणकार मोठ्या सुर्दोचं नाव घेतो. एका फेरीत एकच ठोका, तासन्‌तास. कंटाळून त्याने एखादा ठोका जास्तीचा घातला, किंवा शेजारच्याची नक्षी ऐकून तो घाईला आला, की सगळा वृंद डगमगतो. आपल्या कचेऱ्यांत आवक-जावक सांभाळणारा लिपिक, शाळेचं पोषण आहाराचं रजिस्टर रोज भरणारी शिक्षिका, यांचं काम याच जातीचं आहे. त्यांच्याकडे कुणी बघत नाही आणि ते चुकले की सगळं अडतं. दहा मिनिटं सुर्दो धरून उभं राहिलेल्या अधिकाऱ्याला हे भाषणाशिवाय कळेल.

आता विज्ञान काय म्हणतं ते. २००९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या स्कॉट विल्टरमथ आणि चिप हीथ यांनी काही विद्यार्थ्यांना पायांशी पाय जुळवून चालायला लावलं आणि काहींना नेहमीसारखं. नंतर सगळ्यांना एक खेळ दिला, ज्यात न बोलता एकमेकांवर भरवसा ठेवला तरच सगळ्यांचा फायदा होतो. पावलं जुळवून चाललेल्यांनी सहकार्य जास्त केलं. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी चार वर्षांच्या मुलांच्या जोड्या घेतल्या. काही जोड्या एकत्र गात-वाजवत खेळल्या, काही तोच खेळ गाण्या-वाजवण्याशिवाय खेळल्या. नंतर एका मुलाच्या गोट्या सांडल्या, तर एकत्र वाजवलेली मुलं मदतीला जास्त धावली. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये दाखवलं, की गाणं, नाचणं आणि ढोल वाजवणं यांनंतर माणसांची वेदना सोसण्याची ताकद वाढते. नुसतं संगीत ऐकण्याने मात्र तसं होत नाही. कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात मोठा कलावंत बोलावून लोकांना खुर्चीत बसवून ठेवणाऱ्यांनी हा शेवटचा मुद्दा लक्षात घ्यावा.

पण त्याच विल्टरमथने २०१२मध्ये आणखी एक प्रयोग छापला, आणि तो तालवर्गांच्या जाहिरातींत कधी दिसत नाही. प्रयोगकर्त्याच्या पावलाशी पाऊल जुळवून चाललेल्या लोकांनी त्याच्या सांगण्यावरून जिवंत किडे दळणयंत्रात टाकायला इतरांपेक्षा जास्त तयारी दाखवली. यंत्र खोटं होतं, किडे मेले नाहीत, पण टाकणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. ताल माणसांना जोडतो तसा त्यांना निमूटपणे ऐकायलाही लावतो. फौजांनी कवायत आणि ढोल उगीच जपलेले नाहीत. म्हणून रिक्त पदं, थकलेलं मानधन, एकाच ग्रामसेवकावर टाकलेली तीन गावं, असल्या तक्रारींवर उतारा म्हणून कुणी ढोल वाटू लागलं तर त्याला विरोधच करावा. तक्रार ऐकून घ्यायची ती ऐकूनच घ्यावी लागते.

वाशिमला या सगळ्याची गरज का, याचं उत्तर सरकारी कागदांतच आहे. जानेवारी २०१८मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला. देशभरातल्या शंभरावर जिल्ह्यांत महाराष्ट्रातले चार होते: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव, आणि वाशिम. आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती व पाणी, कौशल्य व आर्थिक समावेशन, पायाभूत सोयी, अशा निकषांवर या जिल्ह्यांची प्रगती दर महिन्याला मोजली जाऊ लागली. यांतला एकही आकडा एका खात्याचा नाही. कुपोषित मूल शोधते अंगणवाडी सेविका, तपासतो प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर, घरापर्यंत जाते आशा ताई, नळाचं पाणी बघते ग्रामपंचायत. या चौघांचे वरिष्ठ वेगळे, बैठका वेगळ्या, रजिस्टरं वेगळी. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा मोठ्या कारखान्यांचा नाही. इथलं 'कामाचं ठिकाण' म्हणजे मुख्यतः शाळा, दवाखाना, बँकेची शाखा, बाजार समिती आणि पंचायत समिती. संघ बांधायचा तर इथेच.

आणि संघ म्हणजे काय हे या मातीला नवं नाही. मानोरा तालुक्यातली पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचं मंदिर इथे आहे, रामनवमीच्या यात्रेला अनेक राज्यांतून माणसं येतात. या समाजाचा तांडा हे एकेकाळी चालतं-फिरतं कामाचं ठिकाण होतं. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून शेकडो मैल जायचं, वाटेत दरोडे, नद्या, रोगराई, आणि तरी माल ठरल्या जागी पोचवायचा. नायकाने निर्णय घ्यायचा, कारभाऱ्याने व्यवस्था पाहायची, वाद निवडायला हसाबी-नसाबी. १८०३च्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवणाऱ्यांत बंजाऱ्यांचे तांडे होते. त्याच मोहिमेत २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, ती शेजारच्या आजच्या अकोला जिल्ह्यात. रेल्वे आणि पक्क्या सडका आल्या तेव्हा हा व्यापार बसला आणि तांडे डोंगरपायथ्याला स्थिरावले.

तांड्याचं वाद्य नंगारा. धातूच्या खोलगट भांड्यावर ताणलेलं चामडं, दोन काठ्या, आणि जोडीला काशाची नाहीतर पितळेची थाळी. देवीपुढे, भजनाला, लग्नाला, मरणालाही. होळीत डफ निघतो आणि लेंगीची गाणी रात्र-रात्र चालतात, बाया-पुरुष फेर धरतात. तिथे कुणी प्रेक्षक नसतो. ज्याला वाजवता येत नाही तो थाळी धरतो, ज्याला थाळी येत नाही तो फेरात पाय टाकतो, आणि पोर बघता बघता शिकतं. डनबारच्या प्रयोगातली 'ऐकणं वेगळं, करणं वेगळं' ही गोष्ट इथे रीतीतच आहे.

बंजाऱ्यांपुरतंही हे नाही. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी मेडशी, शिरपूर, रिसोड अशी याच जिल्ह्यातून जाते. पखवाज आणि टाळांवर एकाच वेळी उचलणारी पावलं, पांढऱ्या वेषातल्या वारकऱ्यांच्या सरळ रांगा, हात वर झाला की थांबणारा टाळ. ती शिस्त पाहायला रस्त्याच्या दुतर्फा गाव उभं राहतं. पोळ्याला बैलांपुढे डफडं वाजतं. ब्राझीलहून सुर्दो मागवण्याआधी इतकं सगळं हाताशी आहे.

५ ऑक्टोबर २०२४ला पंतप्रधान पोहरादेवीला आले. त्यांनी मंदिरात नंगारा वाजवला, त्याची चित्रं देशभर दिसली, आणि त्याच दिवशी नंगाऱ्याचा आकार मिरवणाऱ्या भव्य बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. संग्रहालय झालं हे उत्तमच. तांड्याचा इतिहास तांड्याच्याच भूमीत मांडला गेला, ते आधीच व्हायला हवं होतं. आता पुढची पायरी वाद्याकडून वादकाकडे यायची आहे. सण आणि लग्नसराई सोडली तर वाजवणाऱ्याच्या हाताला या कलेचं काम मिळत नाही. डीजेने लग्नसराईही बरीच हिरावली. दिवाळीनंतर अनेक तांड्यांतली घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात, तेव्हा नंगारा वाजवणारा हात कोयता धरतो. त्या हाताला वर्षातले काही महिने आपल्याच तालुक्यात शिकवण्याचं काम मिळालं तर बिघडेल काय?

इथे एक अवघड गोष्ट बोलावीच लागते. महाराष्ट्रात चामड्याचं वाद्य कोणाच्या हातात असे आणि नाचे कोण, हे जातीने ठरवलेलं होतं. हलगी आणि डफडं वाजवणं हे मातंग आणि महार समाजांवर लादलेलं गावकीचं काम होतं, आणि मोबदला म्हणजे मिळेल तेवढं धान्य. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत अनेक गावांत महारांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, वाजवणंही सोडलं, आणि त्यापायी बहिष्कार सोसले. ज्या घराने स्वाभिमानासाठी डफडं खाली ठेवलं त्या घरातल्या कर्मचाऱ्याच्या गळ्यात साहेबांच्या हौसेखातर ते पुन्हा अडकवणं हा अपमान होईल. बंजारा समाजाच्या वाट्याला वेगळं दुःख आलं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समाजांवर शिक्का मारला, त्यात ठिकठिकाणचे बंजारा गटही आले. स्वातंत्र्यानंतर १९५२मध्ये तो कायदा गेला आणि हे समाज विमुक्त झाले. रिओतल्या पोलिसांनी खंजिरीवाल्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याच नजरेने इथल्या फौजदाराने तांड्याकडे पाहिलं होतं.

म्हणून वाद्य हातात घेणं ऐच्छिक असावं. नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नये, आणि शिकवणाऱ्याचं स्थान ठरवताना कसलीही कसर ठेवू नये. तमिळनाडूत परई या वाद्याचा इतिहास आपल्या हलगीसारखाच आहे. तिथल्या दलित कलावंतांनी ते वाद्य स्वाभिमानाची खूण म्हणून परत उचललं, कार्यशाळा घेतल्या, शहरातल्या मुलांना शिकवलं. त्यांतलेच वेलु आसान यांना २०२५ची पद्मश्री मिळाली. बिहारमध्ये पाटण्याजवळच्या ढिबरा गावात सुधा वर्गीस यांच्या 'नारी गुंजन' संस्थेने महादलित स्त्रियांचा बँड उभा केला. शेतमजुरी करणाऱ्या या स्त्रिया ढोल गळ्यात घालून लग्नांना, सरकारी कार्यक्रमांना जाऊ लागल्या आणि त्याचे पैसे घेऊ लागल्या. ब्राझीलमध्येही साल्वादोर शहरात ओलोदुम या कृष्णवर्णीयांच्या गटाचे मेस्त्रे नेगिन्यो दो सांबा यांनी १९९३मध्ये 'दिदा' हा स्त्रियांचाच ढोलवृंद काढला. ओलोदुम म्हणजे तोच गट, ज्याच्यासोबत मायकेल जॅक्सनने १९९६ साली गाण्याचं चित्रीकरण केलं.

स्त्रियांचा मुद्दा वाशिमसाठी फार महत्त्वाचा आहे. इथली सरकारी सेवा ज्यांच्या पायांवर उभी आहे त्या अंगणवाडी सेविका, आशा, परिचारिका, शिक्षिका सगळ्या स्त्रियाच. बैठकीत त्या मागच्या रांगेत बसतात आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत. तालाच्या गोलात मागची रांग नसते.

पुण्याच्या ढोल-ताशा पथकांचा दाखला यावर कुणीही देईल आणि तो योग्यच आहे. ज्ञान प्रबोधिनीत अप्पासाहेब पेंडसे यांनी शिस्तबद्ध पथकाची जी रीत घातली तिच्यातून शाळा-शाळांची पथकं झाली, आणि आज आयटीतले अभियंते, डॉक्टर, बँकेतले कर्मचारी, मुली आणि मुलगे गणपतीच्या दीड-दोन महिने आधी संध्याकाळी नदीकाठी सराव करताना दिसतात. कुठल्याही कंपनीने पैसे न देता ही माणसं एका संघात बांधली गेली, कारण सराव रोजचा असतो आणि चुकलं की शेजारी सांभाळून घेतो. मात्र पुण्याने एक धडाही दिला आहे. आवाज इतका वाढला की राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०२४मध्ये पथकातल्या माणसांची संख्या तीसवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबरला त्या आदेशाला स्थगिती दिली खरी, पण कानांचा प्रश्न न्यायालयात सुटणारा नव्हे. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, आणि दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात. बंद सभागृहात चाळीस ढोल सहज तिथवर जातात. वाशिमने हे वर्ग झाडाखाली, शाळेच्या मैदानात घ्यावेत, वाद्यं थोडी ठेवावीत, बाकीच्यांनी टाळ्या आणि पावलं धरावीत, आणि कानांत घालायचे बोळे वाद्यांबरोबरच आणावेत.

प्रत्यक्षात हे कसं जमेल, तर फार खटाटोप न करता. महसूल आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांचे क्रीडा व सांस्कृतिक महोत्सव दरवर्षी भरतातच. त्यात एका दिवसापुरती गाणी-नाटुकली बसवण्याऐवजी प्रत्येक पंचायत समितीने एक मिश्र वृंद आणावा, आणि अट अशी घालावी की त्यात किमान चार खात्यांची माणसं हवीत. अट घातली की सराव आला, सराव आला की आरोग्य खात्यातली परिचारिका आणि बांधकाम विभागातला शाखा अभियंता आठवड्यातून एकदा भेटणार. सराव कामाच्या वेळेत हवा. संध्याकाळी सहानंतर ठेवला तर स्त्रिया घरी पळणार आणि उरलेल्यांना ती शिक्षा वाटणार.

वेळापत्रक तांड्याच्या सोयीने आखावं. ऊसतोडीला गेलेली माणसं उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तेव्हापासून दिवाळीपर्यंतचा काळ आपला. पावसाळ्यात चामडं ओलावतं, आवाज बसतो. मग काटक्या पेटवून डफ शेकावा लागतो, आणि तो किती शेकायचा हे बोटाने वाजवून ओळखण्याचं कसब हाही धड्याचा भाग. प्लॅस्टिकच्या पानाचा ढोल आणला की हे शिकणं वाचतं, त्यासोबत शिकवणाऱ्याचं निम्मं ज्ञानही बाहेर राहतं. तसं होऊ देऊ नये.

पैशाचं म्हणाल, तर प्रशिक्षण संस्थेतून येणाऱ्या व्याख्यात्याला जो दर, तोच नंगारावाल्याला. प्रवासभत्ता वेगळा, आणि रक्कम थेट त्याच्या खात्यात. मध्ये कार्यक्रम-व्यवस्थापक कंपनी घालू नये. ती मध्ये आली की पहिल्या वर्षी वादक तांड्यावरचा असेल, दुसऱ्या वर्षी नागपूरहून येईल आणि तिसऱ्या वर्षी टेबलावर जेंबे असतील. वादकाकडे पॅन कार्ड नाही, बिल नाही, पदवी नाही, या अडचणी लेखा विभाग पहिल्याच बैठकीत काढील. त्या सोडवण्याची जबाबदारी त्याच विभागाच्या माणसावर टाकावी आणि त्यालाही वृंदात घ्यावं.

पहिला प्रयोग मानोऱ्याच्या पंचायत समितीत व्हावा हे सगळ्यांत सयुक्तिक. पोहरादेवी याच तालुक्यातली आणि तांडे आजूबाजूला. पंधरा-वीस माणसं पुरेत. पहिल्या दिवशी गटविकास अधिकाऱ्यांनी उद्घाटनाचं भाषण करू नये, हार-नारळही नको. नंगारा घेऊन आलेल्या गुरूने ठेका द्यावा आणि तो सांगेल त्याने ते वाद्य उचलावं. साहेबांच्या वाट्याला थाळी आली तर तीन महिने थाळीच धरावी, कारण ठेका पक्का झाल्याशिवाय गुरू काठ्या देत नाही, आणि या बाबतीत तांड्यावरचा नियम पंचायत समितीच्या आवारातही तोच राहायला हवा.